घरीच नक्षीची लाकडी फ्रेम बनवायची आहे, नागपूरच्या हवेत कोपरे उघडू नयेत यासाठी काय करावं?

मानेवाडा_रोड
नमस्कार मंडळी. घरी स्वतः एक नक्षीची लाकडी फ्रेम बनवायचा विचार करून राहिले, सल्ला पाहिजे. आत लावायचा आहे आजीनं भरलेला कशिदा, कापड साधारण ३०० बाय ४०० मिमी, दोन मोर अन मधे वेल, रेशमाचा भराव थोडा उंच आहे म्हणून काच त्याला टेकायला नको. आधीची एका दुकानातून करून आणलेली फ्रेम घरात आहे, दिसायला छान, पण दर मे महिन्यात तिचे कोपरे आतल्या बाजूनं उघडतात, फटीतून मागचा पुठ्ठा दिसतो, आणि पावसाळा लागला की आतली फट बुजते अन बाहेरचं टोक उघडतं. हे काहून होते हे कोणी समजावून सांगेल का? कशिद्याच्या फ्रेमला असं झालेलं मला अजिबात चालणार नाही. माझ्याकडे हाताची करवत आहे, ड्रिल आहे, दोन सी क्लॅम्प आणि बाबांचा जुना रंधा. मोठी मशीन नाही आणि घ्यायचीही नाही, काम सगळं बाल्कनीत.

नंदनवन_काका
ताई, तुम्ही बरोबर तेच टिपलं जे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, हलते ते रुंदीत. हवा कोरडी झाली की पट्टी अरुंद होते, दमट झाली की फुगते. आता ४५ अंशाचा काप डोळ्यासमोर आणा. त्या कापाची एक बाजू लांबीच्या दिशेची आणि दुसरी रुंदीच्या. लांबी तितकीच राहिली आणि रुंदी कमी झाली तर कोन ४५ चा ४५ राहत नाही, कमी होतो. दोन पट्ट्यांचे दोन्ही कोन कमी झाले की बाहेरची टोकं एकमेकांना धरून राहतात आणि आत फट पडते. पावसाळ्यात याच्या उलट, कोन वाढतो, आतले कोपरे एकमेकांना ढकलतात आणि बाहेरचं टोक उघडं पडतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते, हा झोका फार मोठा आहे. त्यामुळे नागपुरात फ्रेम करताना पहिला विचार हवेचा, मग नक्षीचा.

उपाय तीन. पट्टी अरुंद ठेवा, कारण हालचाल रुंदीच्या प्रमाणात असते, ४० मिमीची सागाची पट्टी उन्हाळा ते पावसाळा साधारण अर्ध्या मिमीच्या आसपास हलेल, ८० ची घेतली की दुप्पट. लाकूड पूर्ण वाळलेलं घ्या. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, नुसत्या ४५ च्या जोडावर फ्रेम सोडू नका, त्याला मागून आधार द्या. त्याबद्दल सविस्तर लिहितो रात्री.

लकडगंजकर
लाकडाचं मी सांगतो, आमचं घरच आरामशीनच्या आवाजात वाढलेलं. सागवानच घ्या दुसरा विचार करू नका. आपल्याकडे चंद्रपूर गडचिरोलीचा माल येते, आलापल्लीचा साग म्हणजे नाव आहे त्याचं, २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते सगळ्यांनी पाहिलंच. साग कमी हलते, उधई म्हणजे वाळवी त्याच्या पक्क्या भागाला सहसा लागत नाही, आणि रंध्याखाली चांगलं येते. फक्त पांढरा भाग घेऊ नका, खोडाच्या बाहेरचा जो फिकट पट्टा असतो त्याला ना किडीपासून संरक्षण ना टिकाऊपणा.

तुम्हाला लागेल किती? ४० बाय २५ मिमीची पट्टी सव्वादोन मीटर धरली तरी ०.०८ घनफूट होते, म्हणजे कोणी घनफुटाचा भाव सांगून घाबरवलं तर घाबरू नका. लकडगंजात, आपल्या लाकूडबाजारात जा, कटपीस मागा, दारं खिडक्या कापून उरलेले तुकडे बाजूला टाकलेले असतात, त्यातूनच तुमच्या फ्रेमचं लाकूड निघते. त्याहून चांगलं म्हणजे जुनं लाकूड. महाल इतवारीकडे लोक जुनी घरं पाडून राहिले आहेत, त्यांच्या चौकटी, छताच्या कड्या, जिन्याच्या पायऱ्या विकायला येतात. कित्येक वर्षं घरात राहिलेलं सागवान, ते पूर्ण वाळून झालेलं असते. एक काळजी घ्या, जुन्या लाकडात तुटलेले खिळे असतात, लोहचुंबक फिरवून पाहिल्याशिवाय रंधा लावू नका, बाबांच्या रंध्याचं पातं एका खिळ्यात जाईल.

पुण्यातला_वऱ्हाडी
मी थोडं वेगळं सांगतो. एवढी मेहनत कशाला, तयार मोल्डिंग मिळते फ्रेमवाल्यांकडे, मागून काच अन चित्र बसायला खाच पाडलेली, नक्षी केलेली, कधी सोनेरी कधी काळी, ती फुटावर घ्यायची, घरी ४५ ला कापायची, चिकटवायची. पॉलिमरची घेतली तर उधईचा प्रश्नच नाही आणि हवेनं हलतही नाही. लाकडाचा आग्रह भावनेपोटी असतो बऱ्याचदा.

नंदनवन_काका
भाऊ, साध्या फोटोसाठी तयार पट्टी घेतली तर मी नाही म्हणणार नाही. पण ताईंचा प्रश्न स्वतः बनवण्याचा आहे आणि आत जायची वस्तू पुन्हा मिळणारी नाही. पॉलिमरची पट्टी आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाळ्यात मधे झोल खाते, ती भिंत संध्याकाळी हात ठेववत नाही इतकी तापते. शिवाय तयार पट्टीची खाच बहुतेक वेळा ८-१० मिमी खोल, ताईंना त्यापेक्षा जास्त लागणार, कापडापासून काच दूर ठेवायची आहे म्हणून. लाकडाची फ्रेम वीस वर्षांनी उघडून पुन्हा जोडता येते, कोपरा पटाशीनं साफ करून नवा गोंद लावता येतो. हा माझ्यासाठी मोठा मुद्दा आहे.

आता जोडाबद्दल. मशीन नसताना लाकडात लांब खाच पाडणं कठीण काम आहे, म्हणून मी दोन थरांची फ्रेम करतो. पुढचा थर १० मिमी जाड आणि ४० रुंद, तो ४५ ला कापायचा, तोच दिसतो. मागचा थर १६ मिमी जाड आणि ३४ रुंद, तो सरळ ९० ला कापायचा. दोन्ही थर बाहेरच्या कडेला एकसारखे ठेवून चिकटवले की आतल्या बाजूला ६ मिमीची पायरी आपोआप तयार होते, तीच खाच. आणि खरी गंमत कोपऱ्यात आहे. मागच्या थराच्या उभ्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या ठेवायच्या, आडव्या त्यांच्या मधे बसवायच्या. म्हणजे समोरच्या ४५ च्या रेषेवरून मागची उभी पट्टी ओलांडून जाते आणि दोन्ही तुकड्यांना एकत्र धरते. नुसता ४५ चा जोड हा लाकडाच्या कापलेल्या टोकावर गोंद लावलेला असतो, टोकाच्या नळ्या गोंद पिऊन टाकतात, म्हणून तो अशक्त. इथं मात्र आडव्या सपाट पृष्ठभागावर गोंद बसते, तो जोड हातानं तुटत नाही.

मानेवाडा_रोड
काका हे भारी आहे, खाच पाडायचीच नाही! पण मापं कशी काढायची ते कोणी आकड्यात सांगेल का, कापायच्या आधी कागदावर पक्कं करून घेते.

पटाशी_आणि_गुण्या
मी सांगतो, मी हीच पद्धत वापरतो. चित्र किंवा पाठीचा पुठ्ठा जेवढा, त्यात ३ मिमी सैल धरायचं, कारण पुठ्ठाही पावसाळ्यात फुगतो. तुमचं ३०० बाय ४००, म्हणजे आतली जागा ३०३ बाय ४०३. मागच्या पट्टीची रुंदी ३४, दोन्ही बाजूंची मिळून ६८. बाहेरचं माप ३७१ बाय ४७१. बस. पुढच्या थराच्या दोन पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत ३७१ आणि दोन ४७१. मागच्या थराच्या उभ्या दोन ४७१ आणि आडव्या दोन ३०३. समोरून कापड दिसेल २९१ बाय ३९१, म्हणजे चारी बाजूंनी साडेचार मिमी झाकलं जाईल, मोराची शेपटी कडेला असेल तर आधीच बघून घ्या.

खोली पण मोजा. काच २ मिमी, काचेपासून कापड दूर ठेवायची पट्टी ५, कापड लावलेला बोर्ड ३, मागचा हार्डबोर्ड ३, एकूण १३. खिळे अडकवायला ३ सोडा, झाले १६, म्हणूनच काकांचा मागचा थर १६ चा बरोबर बसते.

कापताना एक गोष्ट डोक्यात घट्ट ठेवा. लांबी एक मिमी कमीजास्त झाली तर बिघडत नाही, पण समोरासमोरच्या दोन पट्ट्या अगदी सारख्या पाहिजेत. एक कापली की तिच्या टोकाला फळीचा तुकडा ठोकून अडथळा करा, दुसरी त्यालाच टेकवून कापा, टेप वापरूच नका. आणि कोनाचं गणित असं, प्रत्येक कापात पाव अंश चुकला तर आठ काप मिळून २ अंश होतात, तीन कोपरे झकास बसतात आणि चौथ्यात सगळी चूक जमा होते, ४० च्या पट्टीवर ती जवळजवळ २ मिमीची फट. म्हणून करवतीचा काप अंतिम मानायचा नाही. प्लायच्या तुकड्यावर ४५ ला एक पट्टी पक्की ठोका, लाकूड त्याला टेकवून रंधा आडवा ठेवून टोकावरून चालवा. सागाच्या टोकावरून पारदर्शक, भुरभुरती किस निघाली पाहिजे, जाड भुसा पडत असेल तर पातं बोथट आहे. सागात सिलिका असते, पातं लवकर मरते, दर दोन टोकांनंतर धार लावा. आणि सागाचा भुसा नाकात टोचतो, मास्क घाला.

लकडगंजकर
भाऊनं सोन्यासारखं सांगितलं. मी जोडतो, सागात तेल असते त्यामुळे गोंद धरत नाही ही तक्रार नेहमी ऐकू येते. चिकटवायच्या ठिकाणी आधी स्पिरिट किंवा थिनरच्या फडक्यानं पुसायचं, सुकलं की लगेच गोंद. फेविकॉल लावायची वेळ सकाळी लवकर ठेवा. दुपारी ४२-४३ डिग्रीत त्याच्यावर साय येते आणि तुम्ही पट्ट्या जुळवत बसता तोवर तो अर्धा सुकलेला असते. टोकाच्या कापांवर आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात मारा, तो जिरू द्या, मग घट्ट लावा. आणि चोवीस तास हात लावू नका.

मानेवाडा_रोड
क्लॅम्प दोनच आहेत, आठ पट्ट्या कशा दाबू?

नंदनवन_काका
पुढचा थर जोडायला सुतळी घ्या. चारही बाजूंनी दोन वेढे द्या, प्रत्येक बाजूला सुतळीखाली एक पेन्सिल घालून पीळ द्या, चारही कोपरे एकाच वेळी घट्ट होतात. कोपऱ्यात सुतळी लाकडात रुतू नये म्हणून पुठ्ठ्याच्या घड्या ठेवा. मग कर्ण मोजा, कोपरा ते कोपरा. तुमच्या मापाचा बाहेरचा कर्ण साधारण ६०० मिमी आला पाहिजे, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणं मोठं. जो कर्ण लांब आहे तो हलकेच दाबा. मागचा थर लावताना तर प्रश्नच नाही, सपाट फरशीवर ठेवून वरून पुस्तकं आणि वीट. फक्त खाली प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर फ्रेम फरशीलाच चिकटून बसेल. मागच्या पट्ट्यांना दोन दोन बारीक खिळे मारले तर सरकत नाहीत, पण आधी ड्रिलनं भोक पाडा, साग टोकाजवळ फुटते.

कोसा_आणि_कापूस
फ्रेमबद्दल बोलणं छान चालू आहे, मी कापडाबद्दल बोलते कारण माझं रोजचं काम तेच. मेघ भरून आले की काचेला टेकलेलं कापड घाम धरते, तिथं बुरशीचे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. त्यामुळे ५ मिमीची पट्टी अजिबात वगळू नका, ती दिसणार नाही अशा रीतीनं काचेच्या कडेला लावा.

कशिदा बोर्डाला गोंदानं चिकटवू नका, सेलोटेपनं तर मुळीच नाही. सेलोटेप पिवळी पडते आणि तो डाग धाग्यात शिरतो. बोर्डावर आधी धुतलेलं पांढरं सुती कापड ताणून बसवा, मग कशिद्याची कड त्या सुती कापडाला बारीक टाक्यांनी टाचा, मोराच्या भरावात सुई घालायची नाही, फक्त रिकाम्या कडेत. उद्या कोणाला काढून दुसऱ्या फ्रेममध्ये लावायचं असेल तर टाके उसवले की मोकळं. बोर्ड आम्लमुक्त माउंट बोर्ड घ्या, साध्या पुठ्ठ्यानं कापड कालांतरानं तपकिरी होते. धुवायचा मोह होईल, पण आधी पांढरा कापूस ओला करून प्रत्येक रंगाच्या धाग्यावर मागच्या बाजूनं दाबा, कापसाला रंग लागला तर पाणी दाखवू नका, फक्त मऊ ब्रशनं धूळ झाडा.

मानेवाडा_रोड
लाल धाग्याचा रंग कापसाला लागला, आत्ताच पाहिलं. धुणार नाही. खूप खूप आभार ताई, मी शनिवारी बादलीत बुडवणारच होते.

झाडीपट्टीतून
पॉलिशचा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे भंडारा गोंदियाकडे पळस भरपूर, पळसावर आणि कुसुमावर लाखेचा किडा वाढते, त्याच लाखेचं चपडा पॉलिश बनते. फ्रेमला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. चपड्याचे पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, गाळून घ्या, सुती कापडात कापसाचा गोळा घालून त्यानं हलके हलके हात मारा. पहिला हात पातळ, सुकला की ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं अलगद घासा, मग पुढचे हात. मिनिटांत सुकते, एका सुट्टीत काम होते, आणि सागाचा रेषा रेषांचा रंग आतून पेटल्यासारखा वर येतो. पावसाळ्यात मात्र दमट दिवशी करू नका, वर पांढरट झाक येते, ऊन पडलेला दिवस पाहा.

पुण्यातला_वऱ्हाडी
आमच्या घरी तर कच्चं जवसाचं तेल लावायचे. ते सोपं ना.

झाडीपट्टीतून
लावा ना, रंग त्यानंही सुंदर येते, पण कच्चं तेल सुकायला कित्येक दिवस घेते, उकळलेलं घेतलं तर एखाद दिवस. आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटते. जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाही. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकते, त्यातून उष्णता निघते, चुरगाळलेल्या कापडात ती बाहेर जात नाही आणि चिंधी स्वतःहून पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात, बाल्कनीत, लाकडाच्या भुशाशेजारी तर अजिबात नको. चिंधी एकेरी पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

कोसा_आणि_कापूस
हे फार महत्त्वाचं सांगितलं दादा. आणि पॉलिश झालेली फ्रेम आठवडाभर तरी मोकळी ठेवा, वास पूर्ण गेला की मगच कापड आत लावा. तेलाची वाफ बंद फ्रेममध्ये काचेच्या आतल्या बाजूला धुकं करते.

मानेवाडा_रोड
आता नक्षीकडे यायचं का? माझ्या मनात कोपऱ्यात कमळ किंवा वेल होती. मला कोरता येत नाही, शिकायची तयारी आहे, पण आजीच्या कशिद्याभोवती कच्चं काम नको.

पटाशी_आणि_गुण्या
सुरुवातीला सपाट रेषांची नक्षी करा. पट्टीच्या आतल्या कडेपासून ६ मिमीवर एक बारीक खाच, पट्टी धरून धारदार पटाशीनं दोन बाजूंनी तिरपे काप मारले की व्ही आकाराची रेघ निघते. नुसती एक रेघ सगळीकडे सारखी फिरली तरी फ्रेम भारदस्त दिसते. कोपऱ्यात रेषा जुळली पाहिजे म्हणून पुढचा थर चिकटवल्यावरच रेघ ओढायची, आधी नाही. पाकळ्यांसाठी गोल तोंडाची पटाशी लागेल, आणि रेषांच्या दिशेनं कोरा, उलट गेलं की साग तुकडा काढते.

लकडगंजकर
एक आपल्या गावचाच मार्ग सांगतो. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी कोरणारे कारागीर आहेत ना, भोसल्यांच्या काळापासून हा सण इथं चालू आहे आणि पोळा जवळ आला की बाजारात नंदींच्या रांगा लागतात. बाकीचे महिने त्यांच्या हाताला काम कमी असते. चार छोटी कमळं कोरून द्यायला सांगा, ४० बाय ४० मिमीच्या ठोकळ्यावर, ८ मिमी जाड. त्यांच्या हातात जे आहे ते आपल्याला दोन महिन्यांत येणार नाही आणि त्यांनाही काम मिळते. ठोकळे सागाचेच द्या तुमच्या कटपीसमधून, म्हणजे पॉलिशखाली रंग एक येतो. आणि पैशात घासाघीस करू नका, एका कमळाला जेवढा वेळ लागतो तो बसून बघा म्हणजे समजते.

नंदनवन_काका
वा, याचा अजून एक फायदा. ते कमळ नेमकं ४५ च्या रेषेवर बसते. उन्हाळ्यात केसाएवढी फट पडलीच तरी ती कमळाखाली राहते. फक्त कमळ पूर्ण तळाला चिकटवू नका, मधोमध गोंदाचा एक ठिपका आणि मागून एक छोटा स्क्रू. सगळीकडे गोंद लावला तर दोन वेगळ्या दिशेच्या पट्ट्या त्याला दोन दिशांना ओढतील आणि एखादी पाकळी चिरेल.

मानेवाडा_रोड
अपडेट देते. लकडगंजातून जुन्या खिडकीची चौकट मिळाली, वरून काळवंडलेली, कोणी विकत घेणार नाही अशी. लोहचुंबकानं खरंच खिळे दाखवले, उपटून काढले. आरामशीनवर पट्ट्या उभ्या चिरून घेतल्या, बाकी सगळं हातानं. पहिला रंधा फिरवला आणि काळ्या कातडीखालून मधासारखा रंग निघाला, वास सगळ्या घरात, आईनं स्वयंपाकघरातून विचारलं हे काय आहे म्हणून. पुढचा थर सुतळीनं बांधून चिकटवला, दोन्ही कर्ण सारखे आले, मागचा थर लावला, चारही कोपरे बंद, नखसुद्धा जात नाही. कमळं एका नंदीवाल्या दादांनी कोरून दिली, प्रत्येक कमळ थोडं वेगळं आहे आणि मला तेच आवडलं. चपड्याचे हात चालू आहेत. काच घ्यायची की ॲक्रिलिक यावर अडकले आहे.

पटाशी_आणि_गुण्या
झकास!! काच २ मिमीची तुमच्या मापाला साधारण ६०० ग्रॅम होते, तुमचा जोड ते वजन आरामात घेईल. काच खरचटत नाही, पुसायला सोपी. ॲक्रिलिक हलकं, फुटत नाही, पण आपल्या कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज येते आणि रेशमाचे सुटे धागे वर ओढले जातात, म्हणून कशिद्याला काच.

कोसा_आणि_कापूस
सहमत, काच. आणि जमलं तर अतिनील किरण अडवणारी. लाल रंग कच्चा आहे म्हणालात, तो उजेडातही उडू शकतो.

हिंगणा_एमआयडीसी
धागा वाचून राहिलो सुरुवातीपासून, मलाही वडिलांच्या फोटोसाठी करायची आहे. एक विचारायचं होतं, फ्रेम लावायची कुठं? आमच्या हॉलमध्ये एका भिंतीला कूलर आहे आणि समोरची भिंत मोकळी आहे, तिथं लावू का?

नंदनवन_काका
कूलरच्या समोर अजिबात लावू नका भाऊ. कूलर चालू असताना त्या झोतात हवा ओली असते आणि दुपारी बंद केला की तासाभरात खोली पुन्हा कोरडी. लाकूड दिवसातून दोनदा पावसाळा अन उन्हाळा पाहते. फोटोचा कागद तर त्याहून लवकर लाटा धरतो. पश्चिमेची तापणारी भिंत टाळा, बाथरूमची सामाईक भिंत टाळा. आतल्या खोल्यांमधली भिंत सगळ्यात चांगली. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून रबराचे छोटे बटण लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममधे हवा खेळते, उधईची मातीची नळी आली तरी लगेच दिसते. मागच्या हार्डबोर्डच्या कडेला कागदी टेप लावा, धूळ आणि किडे आत जात नाहीत.

हिंगणा_एमआयडीसी
समजलं काका. फोटोला पण काचेपासून अंतर ठेवायचं का?

पटाशी_आणि_गुण्या
हो. फोटोचा चकचकीत थर दमट हवेत काचेला चिकटतो आणि ओढला की निघून येतो. फोटोला कापडाएवढं अंतर नको, माउंट बोर्डची खिडकी कापून लावली की दीड दोन मिमी आपोआप मिळतात. तुमच्या फोटोचं माप आणि कागद किती जुना आहे ते इथं टाका, पट्ट्यांचे आकडे काढून देतो. लाकूड घ्यायला रविवारी मी लकडगंजात जाणारच आहे, सोबत यायचं असेल तर सांगा.